मनमाडचं भाषण आणि परभणीचं गायरान

मंडळी, परभणीहून मनमाडला आपण रेल्वेने नेहमी जातो. त्याच मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी दलित रेल्वे कामगारांना सांगितलं, की कामगारांचे शत्रू दोन: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही.

दोन का? मुंबईच्या गिरण्या बघा. विणकाम खात्यात मजुरी जास्त. पण कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथं मज्जाव. मालक नफा बघत होता, तरी बाजाराने जात मोडली नाही.

१९४७ मध्ये बाबासाहेबांनी सुचवलं, की शेतजमीन सरकारच्या मालकीची करून जातपात न बघता गावकऱ्यांना कसायला द्यावी. ते राज्यघटनेत आलं नाही. आपल्याकडे आला १९५० चा हैदराबाद कुळकायदा. त्याचा आधार कुळाला मिळाला. जो कुळही नव्हता, तो सालगडी सालगडीच राहिला.

म्हणून भूमिहीनांनी गायरान कसलं. १९९१ मध्ये शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमानुकूल करायचं ठरवलं. तेही सहजासहजी नाही, लढ्यानंतर.

मग भांडवलशाही सुधारते का? आपण एवढंच म्हणू: सुधारणा सातबाऱ्यापर्यंत पोचली, तरच ती विषमतेला हात लावते.