मोटारसायकलच्या ब्रेकची घरगुती निगा

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे दोन भाग नकाशावर सहज ओळखू येतात. एक वैनगंगेच्या खोऱ्यातील सपाट, भातशेतीचा प्रदेश. दुसरा सातपुड्याच्या रांगांवरील बैहरचे जंगलव्याप्त पठार. मलाजखंडची तांब्याची खाण आणि कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार या वरच्या भागात येतात. खाली बालाघाट शहरात उतरायचे तर घाट अटळ. खालच्या भागात पावसाळ्यात चिखलाचे रस्ते, वरच्या भागात उतार, आणि दोन्हीकडे मागे माणूस किंवा धान्याचे पोते लादलेली मोटारसायकल. अशा ठिकाणी ब्रेक हा जिवाचा प्रश्न ठरतो. गोव्यातून चोर्ला वा अनमोड घाटाने प्रवास करणाऱ्यांनाही हे वेगळे सांगायला नको.

मिस्त्री गावापासून दूर असला, तरी ब्रेकची बरीचशी निगा घरच्या अंगणात राखता येते. त्यासाठी आपल्या गाडीचा ब्रेक कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी जाणून घ्यावे लागते.

ब्रेकचे दोन प्रकार

ड्रम ब्रेकमध्ये अर्धगोलाकार दोन शू चाकातील ड्रमच्या आतल्या बाजूवर दाबले जातात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी दोन पॅडच्या चिमट्यात पकडली जाते आणि हा दाब ब्रेक ऑइलमार्फत पोहोचतो. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, तर १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एबीएस किंवा सीबीएस बंधनकारक झाले. सीबीएसच्या गाडीत मागचा ब्रेक दाबताच पुढचाही काही अंशी लागतो. म्हणून तिथे दोन्ही ब्रेकचे समायोजन गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे एकत्रच करावे.

ड्रम ब्रेक : ढिलाई आणि खूण

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करावी. मागचे पेडल हाताने दाबून ब्रेक पकडेपर्यंत ते किती खाली जाते, हे पट्टीने मोजावे. अनेक गाड्यांत ही ढिलाई २० ते ३० मिलिमीटर असते; नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ढिलाई वाढली असल्यास ब्रेक रॉडच्या टोकावरील नट अर्धा-अर्धा फेरा आवळावा. नटाची खाच पिनेवर नीट बसली पाहिजे. त्यानंतर चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडखळत असेल तर नट जास्त आवळला गेला आहे. अशा स्थितीत ड्रम तापतो आणि शू विनाकारण झिजतात. मागचा दिवा योग्य वेळी लागतो की नाही, हेही याच वेळी तपासावे.

ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरील आर्मचा बाण पॅनेलवरील खुणेला टेकला, तर शू संपले असे समजावे. त्यानंतर नट आवळत राहणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

शू बदलताना

ब्रेक रॉड व टॉर्क स्टे सोडवून, ॲक्सल काढून चाक बाहेर घ्यावे. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नये किंवा हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ती धूळ ओल्या फडक्याने पुसावी. चिखलाच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत कॅम गंजून जड होतो आणि ब्रेक दाबल्यावर मोकळा होत नाही. कॅम स्वच्छ करून त्यावर उष्णता सहन करणारे वंगण अगदी नखभर लावावे. ते लाइनिंगला लागू देऊ नये. तेल मुरलेला शू धुऊन वापरता येत नाही. तो बदलावाच लागतो.

चाक परत बसवताना पेडल दाबून धरून ॲक्सलचा नट आवळावा, म्हणजे शू मध्यावर बसतात. टॉर्क स्टेच्या नटाला नवी कॉटर पिन लावावी. हा स्टे सुटला, तर ब्रेक दाबताच पूर्ण पॅनेल फिरते आणि चाक जागीच अडकू शकते. शेवटी साखळीचा ताण पाहावा.

डिस्क ब्रेक : पॅड आणि ऑइल

पॅडवरील खाच पुसट झाली की पॅड बदलावेत. कॅलिपर काढलेला असताना लिव्हर दाबू नये. पिस्टन बाहेर येतात. नवे पॅड बसवल्यावर लिव्हर कडक लागेपर्यंत पुन:पुन्हा दाबावा. हे विसरून गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्याच दाबाला ब्रेक लागत नाही.

ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मऊ पडतो. त्यामुळे साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, टाकीच्या झाकणावर लिहिलेलीच प्रत वापरावी आणि ते सीलबंद बाटलीतलेच असावे. ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

हवा काढताना दोन माणसे असावीत. एकाने लिव्हर दाबून धरावा, दुसऱ्याने ब्लीडर किंचित उघडून बंद करावा. ब्लीडर बंद झाल्यावरच लिव्हर सोडावा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि टाकी रिकामी होऊ देऊ नये. एबीएसचा इशारा दिवा विझत नसेल, ऑइल गळत असेल किंवा तबकडी तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ झाली असेल, तर काम मिस्त्रीकडेच सोपवावे.

घाट उतरण्यापूर्वी

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी मोकळ्या जागेत, अगदी कमी वेगाने घ्यावी. नवे शू वा पॅड पूर्ण पकड घ्यायला काही दिवस घेतात. तोवर जड ओझे घेऊन घाटात जाऊ नये. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतार उतरण्याची सवय अनेकांना असते. त्यात इंजिनचा रोध नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेक सतत धरून न ठेवता गरजेपुरता दाबून सोडावा. पाण्यातून गाडी गेल्यावर थोडे अंतर हलकेच ब्रेक लावत जावे, म्हणजे शू कोरडे होऊन पकड पूर्ववत होते.