कथागीतातील शेवट आणि खेळातील पुनरारंभ : बॉनी–क्लाइड कथेचे माध्यमांतर

फरारी गुन्हेगार युगुलाची कथा हा अमेरिकन लोकप्रिय संस्कृतीतील एक स्थिर आकृतिबंध होय. महामंदीच्या काळात टेक्सासमधील बॉनी पार्कर व क्लाइड बॅरो यांनी त्याला मूर्त रूप दिले. त्यांच्या टोळीने १३ जणांचे बळी घेतल्याचे मानले जाते. तथापि त्यांची कीर्ती गुन्ह्यांपेक्षा प्रतिमेवर अधिक उभी राहिली आणि त्या प्रतिमेच्या घडणीत बॉनीचा स्वतःचा हात होता.

१३ एप्रिल १९३३ रोजी मिसूरीतील जॉप्लिन येथे पोलिसांनी टोळीच्या घरावर छापा घातला. चकमकीत दोन पोलीस ठार झाले. टोळी निसटली, मागे न धुतलेल्या फिल्म आणि बॉनीने लिहिलेले एक कथागीत राहिले. स्थानिक दैनिकाने फिल्म धुवून छायाचित्रे छापली व ती देशभर पोचली. ओठांत चिरूट, हाती पिस्तूल, पाय मोटारीच्या बंपरवर ही बॉनीची मुद्रा आपसातल्या थट्टेतली होती. वृत्तपत्रांनी तिला चरित्राचे मोल दिले. पुढे, एप्रिल १९३४ मध्ये, ओलीस धरलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याला सोडताना आपण चिरूट ओढत नाही, हे लोकांना सांगण्याची विनंती तिने केली.

मराठी पोवाड्यात शाहीर दुसऱ्याचा पराक्रम गातो. येथे नायिकाच आपले कथागीत रचते आणि अखेरच्या रचनेत दोघांच्या मृत्यूचे भाकीतही करते. मृत्यूपूर्वी तिने ती रचना आईकडे सोपविली. २३ मे १९३४ रोजी लुइझियानात दबा धरून बसलेल्या सहा जणांच्या गोळीबारात दोघे मारले गेले. त्यानंतर ती वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. आर्थर पेन यांच्या १९६७ च्या चित्रपटात मात्र ती त्यांच्या हयातीतच छापून येते आणि क्लाइड हरखून जातो. क्रम बदलला, तरी अटळ शेवट कायम राहिला.

व्हिडिओ गेममध्ये नेमका हाच घटक डळमळतो. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेत नायक मेला, की रुग्णालयाच्या दारातून खेळ पुन्हा सुरू होतो. २०१३ च्या पाचव्या भागात तीन पर्यायी शेवटांतून एक निवडण्याचा अधिकार खेळणाऱ्यास मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये सहाव्या भागाची झलक प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातील लुसिया व जेसन या जोडीची तुलना बॉनी–क्लाइडशी लगेच झाली. वृत्तपत्राची जागा तेथे समाजमाध्यमांवरील चित्रफितींनी घेतलेली दिसते.

हे माध्यमांतर केवळ तांत्रिक नाही. १ एप्रिल १९३४ रोजी टेक्सासमधील ग्रेपव्हाइनजवळ महामार्ग पोलीस दलातील दोन तरुण मारले गेले. त्यांच्याविषयीच्या वार्तांनी लोकमत युगुलाविरुद्ध फिरले. ज्या वृत्तपत्रांनी प्रतिमा घडविली, त्यांनीच मृतांनाही नाव दिले. कथागीतातील अटळ मृत्यू हा त्या हिशेबाचाच एक भाग होता. खेळात वाटेत मारले जाणारे बहुधा निनावी असतात आणि नायकाचा मृत्यू हा निव्वळ व्यत्यय ठरतो. म्हणून या आकृतिबंधाचा तौलनिक अभ्यास करताना 'नायक कोण' यापेक्षा 'मृतांची नोंद कोणत्या माध्यमात उरते' हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.