मुरुडचे ग्रामण्य

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे दापोली-गुहागरकडच्या जुन्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. भटजी दारात येत नाही, न्हावी येत नाही, लग्नमुंजीचे आमंत्रण येत नाही. घरात मयत झाले तर खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. गावकी बसते, ग्रामण्याचा, म्हणजे वाळीत टाकण्याचा, ठराव होतो आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारी नजर चुकवू लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडने हे हत्यार धोंडो केशव कर्वे यांच्यावर उगारले. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई देवरुखच्या जोशांच्या; बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. गावाने कर्व्यांना वाळीत टाकलेच, शिवाय त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरही बहिष्कार, असे बजावले. कर्वे पुण्यात होते; गावच्या विहिरीवर आणि देवळात रोज लोकांसमोर उभे राहायचे होते ते त्यांच्या आईला आणि भावाला. गावाच्या शाळेसाठी ‘मुरुड फंड’ उभा करणारा माणूस हाच, हेही कुणी आड येऊ दिले नाही.

कर्वे स्वभावाने भिडस्त. सुधारक आगरकरांसारखी लेखणी त्यांच्याकडे नव्हती, सभा गाजवणारे वक्तृत्वही नव्हते. त्यांनी गावाशी वाद घातला नाही आणि गाव सोडूनही दिले नाही. समोरच्याला काय मुळीच खपणार नाही आणि काय कदाचित खपेल, हे मात्र ते बारकाईने पाहत राहिले. १८९३ मध्येच त्यांनी विधवाविवाहासाठी मंडळी काढली होती. तरी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू करताना पुनर्विवाहाचा प्रचार त्यांनी कटाक्षाने दूर ठेवला. आश्रमात फक्त शिक्षण. काही सुधारकांना ही माघार वाटली. ती माघार नव्हती. पुनर्विवाहाचे नाव काढताच उठून जाणारा बापसुद्धा, मुलगी शिकून मास्तरीण झाली तर दोन घास मानाने खाईल, एवढे ऐकून घेऊ शकत होता. बोलणे तिथून सुरू होऊ शकत होते.

१९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत गेला. कॉलेज आटोपले की कर्वे आश्रमाचे सामान घेऊन पायी तिकडे जात.

या कामात गोदूबाईंच्या, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाईंच्या, धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचा वाटा फार मोठा आहे. त्याही विधवा. त्यांनी पुनर्विवाह केला नाही आणि बरीच वर्षे केशवपनही सोडले नाही. आलवणातली, डोक्यावरून पदर घेतलेली ही बाई आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडली. जिथे कर्व्यांचे नाव निघताच कपाळाला आठी पडायची, अशा घरांतही तिला दार उघडत असे.

तरीही कर्व्यांच्या या सबुरीची किंमत घरातल्या बायकांनी जास्त मोजली, हे सांगितलेच पाहिजे. आनंदीबाईंच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात संसाराची ओढाताण आणि समाजाचा दुरावा लपवलेला नाही.

कर्व्यांच्या पाठीशी बहिष्काराविरुद्ध आजच्यासारखा कायदा नव्हता. तो महाराष्ट्रात २०१६ चा; जुलै २०१७ पासून लागू झाला. सामाजिक बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगड-रत्नागिरीतल्या गावकीच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या, हेही तो करण्यामागचे एक कारण.