दिनविशेष : 23 जानेवारी
1825 : मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांचा बर्लिनमध्ये जन्म. जेझुइट संघाचे हे धर्मगुरू मिशनकार्यासाठी भारतात आले. 1880च्या दशकात त्यांनी मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी काढलेली शाळा ही देशातली अशी पहिली शाळा मानली जाते. कोलकात्यातली शाळा त्यानंतरची, 1893ची. त्याच्या बरेच आधी पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी कर्णबधिरांना मोफत शिकवायला सुरुवात केली, ती अठराव्या शतकात. भारतातही मिशनऱ्यांच्या शाळा आधीपासून होत्या; कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852मध्येच आले होते. त्यांनी तेथे शाळाही काढल्या. पण त्या ऐकू येणाऱ्या मुलांसाठी होत्या. कर्णबधिरांसाठी स्वतंत्र वर्ग भरला तो मुंबईत. म्युरिन यांचे 1895मध्ये मॉरिशस येथे निधन झाले.