झाकल्या मुठीचे गणित

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण सहज वापरतो. मूठ उघडली की आत काय आहे ते कळते. झाकलेली असेपर्यंत समोरच्याने नुसता अंदाज करायचा. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची पद्धत आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. भोवतीच्या लोकांना भाव कळू नये म्हणून तो रुमाल असतो. पण खरी गोष्ट त्या दोघांपासूनही झाकलेलीच राहते. विकणाऱ्याला पैशांची किती निकड आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. घेणारा कुठवर चढू शकेल, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. तरीही दोघांना निर्णय घ्यावाच लागतो.

समोरच्याची मूठ झाकलेली असताना शहाण्या माणसाने कसे वागावे, याचे गणित मांडणाऱ्या एका अर्थशास्त्रज्ञाची ही हकिगत आहे. त्यांचे नाव जॉन हारसान्यी. हंगेरीत असताना ते यानोश होते. १९९४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉन नॅश, राइनहार्ड झेल्टन आणि हारसान्यी या तिघांना मिळाले. त्यांपैकी नॅश यांचे नाव पुढे चित्रपटामुळे घरोघरी पोचले. हारसान्यींचे तसे झाले नाही. पण त्यांची वाटचाल आणि त्यांचा विचार, दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

हारसान्यींचा जन्म २९ मे १९२० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. आईवडिलांचे औषधाचे दुकान होते आणि घरची स्थिती बरी होती. कुटुंब मूळचे ज्यू, पण आईवडिलांनी कॅथलिक पंथ स्वीकारलेला. मुलाला त्यांनी शहरातल्या नामांकित ल्यूथरन शाळेत घातले. ज्यांनी पुढे खेळांच्या सिद्धांताचा, म्हणजे गेम थिअरीचा, पाया घातला ते जॉन फॉन नॉयमन याच शाळेचे विद्यार्थी. १९३७ मध्ये हारसान्यी शालेय विद्यार्थ्यांच्या देशव्यापी गणित स्पर्धेत पहिले आले. त्यांना ओढ होती गणिताची आणि तत्त्वज्ञानाची. आईवडिलांच्या इच्छेखातर शिकले मात्र औषधशास्त्र.

या निवडीत एक हिशेबही होता. महायुद्ध सुरू झाल्यावर ज्यू वंशाच्या तरुणांना हंगेरीच्या सैन्यात सक्तीच्या मजूर तुकडीत जावे लागे. विद्यार्थ्यांना त्यातून काही काळ सूट होती. मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या आणि ती सूट संपली. मे ते नोव्हेंबर हारसान्यी मजूर तुकडीत होते. नोव्हेंबरात त्या तुकडीला ऑस्ट्रियातल्या छळछावणीकडे रवाना करायचे ठरले. गाडी सुटण्यापूर्वी बुडापेस्टच्या स्टेशनावरून हारसान्यी निसटले. ओळखीच्या एका जेझुइट धर्मगुरूने त्यांना मठाच्या तळघरात आसरा दिला. त्यांचे बहुतेक सोबती पुढे ऑस्ट्रियात मरण पावले. त्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते.

युद्ध संपल्यावर त्यांनी आपला जुना ध्यास पुरा केला. १९४७ मध्ये बुडापेस्ट विद्यापीठातून तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली आणि तिथल्याच समाजशास्त्र संस्थेत शिकवू लागले. ही नोकरी वर्षभरही टिकली नाही. मार्क्सवाद आपल्याला पटत नाही, हे ते उघडपणे बोलत. जून १९४८ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. मानसशास्त्राची विद्यार्थिनी अ‍ॅन क्लाउबर ही त्यांची वाग्दत्त वधू. या माणसाशी संबंध तोड, म्हणून तिचे कम्युनिस्ट वर्गमित्र तिच्यामागे लागले. तिने ते ऐकले नाही. उलट आता या देशात राहण्यात अर्थ नाही, हे हारसान्यींच्या आधी तिने ओळखले. एप्रिल १९५० मध्ये दोघे दलदलीच्या भागातून, जिथे पहारा कमी होता तिथून, चोरून सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात गेले. वर्षाच्या शेवटी सिडनीला पोचले आणि २ जानेवारी १९५१ रोजी त्यांनी लग्न केले.

ऑस्ट्रेलियात जीव सुरक्षित होता, पण विद्वत्तेला किंमत नव्हती. हंगेरीतल्या पदव्यांना मान्यता नाही आणि इंग्रजी बेताचे. तत्त्वज्ञानातला हा डॉक्टर पुढची तीन वर्षे बहुतांशी कारखान्यात काम करीत होता. संध्याकाळी सिडनी विद्यापीठात अर्थशास्त्राचे वर्ग. समाजशास्त्र सोडून अर्थशास्त्राकडे ते वळले, ते त्यातली गणिती मांडणी त्यांना मोहवून गेली म्हणून. १९५३ अखेर एम. ए. झाले. १९५४ मध्ये ब्रिस्बेनला, क्वीन्सलंड विद्यापीठात व्याख्याते म्हणून नेमणूक मिळाली. वयाच्या तिशीत त्यांनी नव्या विषयात, नव्या भाषेत, अगदी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली होती.

याच दिवसांत त्यांनी एक विलक्षण प्रश्न हाताळला. न्याय्य समाजव्यवस्था कोणती, हे निःपक्षपातीपणे कसे ठरवायचे? १९५३ आणि १९५५ मधल्या निबंधांत त्यांनी सुचवलेली युक्ती अशी: दोन व्यवस्थांची तुलना करताना समजा, की त्यात आपण कोण असणार हे आपल्याला ठाऊक नाही. गिरणीमालक की गिरणी कामगार, निरोगी की आजारी, कोणाच्याही जागी आपण असण्याची शक्यता सारखीच आहे. मग आपण कोणती व्यवस्था निवडू? हारसान्यींचे उत्तर होते, सर्वांच्या सुखाची सरासरी जिथे जास्त ती. १९७१ मध्ये तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी अशाच कल्पनेवरून वेगळा निष्कर्ष काढला. ज्याची स्थिती सर्वांत वाईट, त्याचे जिथे सर्वांत बरे होईल ती व्यवस्था निवडावी, असे ते म्हणाले. १९७५ मध्ये हारसान्यींनी त्याला उत्तर दिले. नेहमी सर्वांत वाईट तेवढेच धरून चालायचे ठरवले, तर दुसऱ्या गावातल्या चांगल्या नोकरीसाठीही माणूस विमानात बसणार नाही, कारण विमान पडू शकते! धोका नुसता आहे की नाही एवढे पाहून भागत नाही, तो किती आहे हेही पाहावे लागते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद आजही मिटलेला नाही.

नॅश यांचे १९५० ते १९५३ या काळातले निबंध वाचून हारसान्यी खेळांच्या सिद्धांताकडे ओढले गेले. १९५६ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. तिथे केनेथ अ‍ॅरो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची दुसरी डॉक्टरेट झाली. १९५८ मध्ये ते ऑस्ट्रेलियात परतले. कॅनबेराला संशोधनाची चांगली जागा मिळाली, पण तिथे या विषयावर बोलायलाच कोणी नव्हते. त्यांनी अ‍ॅरोंना आपली अडचण कळवली. अ‍ॅरो आणि जेम्स टोबिन या दोघांच्या मदतीने १९६१ मध्ये डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. १९६४ मध्ये ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले आणि १९९० मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे वळू. फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात, आणि पुढे नॅश यांनी, डावपेचांचे गणित मांडले. त्यात सामान्यतः एक गोष्ट गृहीत धरलेली असे. कोणाला कशात किती फायदा आहे, हे सर्व खेळाडूंना माहीत असते. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. १९६५ ते १९६९ या काळात अमेरिकी सरकारच्या शस्त्रनियंत्रण संस्थेने सुमारे दहा तरुण संशोधकांना सल्लागार म्हणून घेतले. त्यांत हारसान्यी होते. सोव्हिएत संघाशी होणाऱ्या वाटाघाटींत सल्ला देण्याचे हे काम. पण प्रत्येक बाजूला स्वतःची स्थिती माहीत, दुसऱ्याची मात्र पुरती माहीत नाही. त्यात आणखी पेच असा, की तो माझ्याविषयी काय समजतो, मी त्याच्याविषयी काय समजतो असे त्याला वाटते, ही साखळी संपतच नाही.

हारसान्यींनी ही साखळी एका साध्या कल्पनेने तोडली. प्रत्येक खेळाडूचे अनेक ‘प्रकार’ संभवतात असे समजा. खेळापूर्वी दैव चिठ्ठ्या काढते. ज्याला त्याला फक्त आपली चिठ्ठी दिसते, पण कोणत्या प्रकारच्या चिठ्ठ्या किती होत्या, हे सर्वांना ठाऊक असते. एवढे मानले, की अज्ञानाचे रूपांतर शक्यतेत होते आणि शक्यतेचा हिशेब करता येतो.

पुन्हा गुरांच्या बाजारात जाऊ. घेणाऱ्याच्या लेखी बैलाची किंमत ७०,००० रुपये आहे. विकणारे दोन प्रकारचे आहेत. गरजू माणूस ४०,००० ला देईल, निवांत माणूस ६०,००० च्या खाली देणार नाही. समोरचा कोणता, ते कळत नाही आणि बोली एकदाच लावायची आहे. बाजारात निम्मे विक्रेते गरजू असतील, तर ४०,००० च्या बोलीत निम्म्या वेळा ३०,००० चा लाभ, म्हणजे सरासरी १५,०००. ६०,००० च्या बोलीत सौदा नक्की, पण लाभ फक्त १०,०००. शहाणा गिऱ्हाईक कमी बोली लावील. गरजू मात्र चारांत एकच असेल, तर कमी बोलीची सरासरी ७,५०० वर येते. मग तोच शहाणा माणूस ६०,००० देईल.

यातला महत्त्वाचा धडा पहिल्या उदाहरणात आहे. तिथे निम्म्या वेळा सौदा फिसकटतो. विकणारा ६०,००० ला तयार होता आणि घेणाऱ्याला वस्तू ७०,००० ची वाटत होती. सौद्यात दोघांचेही भले होते. कोणी मूर्ख नव्हता की दुष्ट नव्हता. तरीही हात रिकामे राहिले, कारण मूठ झाकलेली होती. संप, कोर्टकज्जे, देशादेशांतल्या वाटाघाटी अशा अनेक ठिकाणी आपण समोरच्याच्या हटवादीपणाला दोष देतो. तो दोष पुष्कळदा अपुऱ्या माहितीचा असतो.

१९६७-६८ मध्ये तीन भागांत हा सिद्धांत प्रसिद्ध झाला. पुढे विमा, पगाराचे करार, लिलाव यांच्या अभ्यासाचा तो पाया ठरला. आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. २००८ मध्ये मोबाइलच्या ‘टू-जी’ लहरींचे परवाने २००१ च्या दराने, ‘प्रथम येईल त्याला प्रथम’ या तत्त्वावर दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असे १२२ परवाने रद्द केले. याउलट २०१० मध्ये ‘थ्री-जी’ लहरींचा लिलाव झाला आणि सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. लहरींची किंमत कोणत्या कंपनीच्या लेखी किती, हे सरकारला माहीत नसते. रांगेत उभे करून ते कळत नाही. नीट आखलेल्या लिलावात कंपन्या आपली मूठ थोडी थोडी उघडतात.

या सिद्धांतात एक कच्चा दुवा आहे. चिठ्ठ्यांचे प्रमाण सर्वांना सारखेच ठाऊक असते, हे कशावरून? रोजच्या बाजारात ते अनुभवाने कळते. ज्या दोन देशांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, ते हे प्रमाण कुठून आणणार? अभ्यासकांनी हा आक्षेप वारंवार घेतला आहे आणि तो रास्त आहे. पण प्रश्न मांडायची भाषाच आधी नव्हती, ती हारसान्यींनी दिली. ९ ऑगस्ट २००० रोजी बर्कली इथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वाटचालीकडे पाहिले, की एक गोष्ट मनात राहते. सिडनीच्या कारखान्यातल्या निर्वासित कामगाराकडे पाहून त्याच्या डोक्यात काय चालले आहे, हे कोणाला कळणार होते? त्याच्या पदव्यांचे कागद तिथे वाचताच येत नव्हते. नोकरी देणारा, विद्यापीठात प्रवेश देणारा, शिष्यवृत्ती देणारा, सगळे अंदाजानेच निर्णय घेतात आणि त्या अंदाजात कितीतरी माणसे हातची निसटतात. हारसान्यी निसटले नाहीत, कारण संध्याकाळच्या वर्गाचे दार उघडे होते, जुन्या शिक्षणातले थोडे तरी सिडनी विद्यापीठाने धरले आणि पुढे एका शिक्षकाने शिष्यासाठी शब्द टाकला. आपल्याकडेही बाहेरगावाहून, परप्रांतातून आलेली, भाषा अडखळत बोलणारी माणसे रोज आपल्या समोर उभी राहतात. त्यांची मूठ उघडायला थोडा वेळ आणि एखादे उघडे दार लागते. ते दार ठेवण्याचा खर्च किती आणि न ठेवल्याने होणारे नुकसान किती, हा हिशेब आपणही करून पाहायला हरकत नाही.