वाहन चालवताना मोबाइलचा वापर : धोके व कायदा (अँटॉप हिल, मुंबई)

स्टिअरिंग किंवा हँडल हाती असताना फोनवर बोलणे, संदेश वाचणे वा लिहिणे, व्हिडिओ पाहणे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून हातात धरलेल्या फोनचा असा वापर कलम १८४ खाली ‘धोकादायक रीतीने वाहन चालवणे’ या गुन्ह्यात मोडतो.

मुंबईपुरती ही नोंद अँटॉप हिलपासून सुरू करणे योग्य. पूर्व उपनगरांतल्या वाहनांना एमएच-०३ हा क्रमांक आणि तिथल्या चालकांना परवाने देणारे प्रादेशिक परिवहन कार्यालय इथेच, वडाळा ट्रक टर्मिनलजवळ आहे. शिकाऊ परवान्याच्या प्रश्नपेढीत मोबाइल कुठे वापरू नये हाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर अवघड नाही. परवाना खिशात पडल्यावर ते किती दिवस लक्षात राहते, काळजी त्याची आहे. कारण याच रस्त्यांवर मालाचे ट्रक आणि टँकर धावतात, आणि तेच रस्ते ओलांडून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतली, संगमनगरातली माणसे गुरू तेग बहादूर नगर स्थानक गाठतात.

धोका नेमका किती, ते अंतरात मोजले की कळते. ताशी ४० किमी वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. एक संदेश वाचायला तीन सेकंद लागले, तर ३३ मीटर रस्ता न बघता कापला गेला. बेस्टची नेहमीची एकमजली बस १२ मीटर लांब धरली, तर जवळजवळ तीन बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्याएवढे हे अंतर. एवढ्यात झेब्रा क्रॉसिंग येऊन मागेही पडते. जवळच्या पूर्व मुक्त मार्गावर ताशी ८० चा वेग असेल, तर हेच अंतर ६६ मीटर होते. नजर वर आल्यावर ब्रेकवर पाय जायला सेकंदभर तरी लागतो, आणि भरलेला ट्रक ब्रेक दाबला म्हणून जागच्या जागी थांबत नाही.

फोन नजर, हात आणि मन असे तिन्ही एकदम ओढून घेतो. पहिल्या दोहोंविषयी कुणाचे दुमत नसते. तिसऱ्याविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. हेल्मेटमध्ये कानाशी खुपसलेला फोन किंवा ब्लूटूथ म्हणजे सुरक्षित, असे अनेकांना मनापासून वाटते. कॅनडातील रेडलमायर व टिबशिरानी यांनी टोरांटोतल्या ६९९ चालकांच्या नोंदी तपासून १९९७ मध्ये दाखवले, की फोन चालू असताना टक्कर होण्याची शक्यता सुमारे चौपट होते. हात मोकळे ठेवून बोलणाऱ्यांना त्यातून सूट मिळाल्याचे दिसले नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांच्या प्रयोगांनी याचे कारण पुढे आणले. बोलण्यात गुंतलेल्या चालकाचे डोळे रस्त्याकडे असतात, पण समोरचे त्याच्या ध्यानात उतरत नाही. शेजारी बसलेला माणूस वळण आले, गर्दी दिसली की बोलता बोलता थांबतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसतच नाही, म्हणून तो बोलत राहतो. भारतीय कायदा मात्र हातातल्या फोनपाशी थांबला आहे. प्रस्तुत नोंदकाराला ही त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

दंड : महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून तडजोड रक्कम दुचाकीला १,००० रुपये, चारचाकीला २,००० आणि इतर वाहनांना ४,००० रुपये अशी ठरली, तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास १०,००० रुपये. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार परवानाही निलंबित होऊ शकतो. ऑक्टोबर २०२० पासून फोन केवळ जायचा मार्ग शोधण्यासाठी, तोही एकाग्रता न ढळू देता, वापरण्याची मुभा आहे. निष्काळजीपणे कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात मोबाइलच्या वापरामुळे १,९९७ अपघात होऊन १,०४० माणसे दगावली. खरी संख्या याहून जास्त असणार. अपघातानंतर ‘मी फोनवर होतो’ असे आपणहून कोण सांगेल?

मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या एसटीच्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने चित्रफीत काढून परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांच्यापर्यंत पोहोचवली. चालकाला कामावरून काढण्यात आले आणि ज्या खासगी संस्थेची ती बस होती तिला ५,००० रुपये दंड झाला. प्रवाशाने गप्प न बसणे किती मोलाचे, याचे हे ताजे उदाहरण.

तरीही सगळा दोष चालकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ॲपवरच्या टॅक्सीचालकाला पुढचे भाडे फोनवरच येते; घरपोच जेवण नेणाऱ्या मुलाचा पत्ता फोनवर, उशीर झाला तर ग्राहकाची विचारणाही फोनवर. ट्रकवाल्याला मालकाचा ‘कुठे पोहोचलास?’ हा फोन दिवसातून अनेकदा येतो. क्लीनर सोबत असेल तर तो फोन उचलतो, एकट्या ड्रायव्हरला ती सोय नाही. म्हणून या नोंदीतली शेवटची विनंती चालकाला नाही, त्याला फोन लावणाऱ्याला आहे. मालक असा, ग्राहक असा, घरचे असा. पलीकडून ‘हॅलो’ आले की आधी ‘गाडीवर आहेस का?’ एवढेच विचारा, आणि ‘हो’ म्हणाला तर लगेच फोन ठेवा.