वऱ्हाडातील देवालये आणि ताम्रमंडित शिखरे

देवालयाच्या माथ्यावर धातू चमकताना दिसला की 'ताम्रमंडित शिखर' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. वस्तुतः देवालयाच्या माथ्यावरील तांब्याचे तीन निरनिराळे प्रकार संभवतात. ते वेगळे ओळखल्याशिवाय अमरावती व अकोला भागातील देवालयांविषयी काही निश्चित म्हणता येणार नाही.

पहिला प्रकार छपराचा. केरळात व दक्षिण कन्नड किनाऱ्यावर गर्भगृहाचे उतरते छप्पर लाकडी वाशांवर उभे असते. तेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लाकूड कुजू नये म्हणून त्यावर तांब्याचे पत्रे घालतात. नेपाळातील पशुपतिनाथाची सोनेरी मुलाम्याची ताम्र-छपरेही याच वर्गातील होत. येथे तांबे प्रथम संरक्षण आहे, शोभा नंतर.

दुसरा प्रकार दानाचा. अहिल्याबाई होळकरांनी इ. स. १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभारले. ते दगडी होते. त्यास आच्छादनाची गरज नव्हती. पुढे सुमारे अर्धशतकाने महाराजा रणजितसिंहांनी दिलेल्या सोन्यातून त्याच्या शिखरास सोन्याने मढविलेले ताम्रपत्रे चढले. येथे तांबे सोन्याचा आधार झाले.

वऱ्हाडातील यादवकालीन देवालये या दोन्ही वर्गांत बसत नाहीत. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या देवीमंदिरातील लेख शके १०९८ (इ. स. ११७६-७७) चा आहे. ज्याच्या नावावरून आपण या शैलीस 'हेमाडपंती' म्हणतो, तो हेमाद्री महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात होता. लोकप्रसिद्ध नाव इतिहासास किती चकवू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. 'ताम्रमंडित' या शब्दाविषयीही तीच सावधगिरी हवी.

लोणारचे दैत्यसूदन व दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वर यांची शिखरे आज उभी नाहीत. तेव्हा मूळ शिखरांचे स्वरूप जाणण्यासाठी त्याच परंपरेतील अभंग उदाहरण पाहावे लागते. सिन्नरच्या गोंदेश्वराचे भूमिज शिखर अद्याप शाबूत आहे. त्याचा काळा पाषाण उघडाच असून लहान शिखरांच्या ओळी वर चढत जातात. या कोरीव रचनेवर पत्रा घातला, तर शिल्पकाराचे सारे काम झाकले जाईल. शिवाय दख्खनच्या काळ्या पाषाणास पावसाचे भय नाही, आणि वऱ्हाडात पाऊसही बेताचा, सुमारे ८०० मिलिमीटर.

उष्णतेचाही विचार करावा. अकोल्यात वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तापमानात ५० अंशांचा फरक पडला, तर एक मीटर लांबीचा ताम्रपत्रा जवळजवळ ०.८५ मिलिमीटर वाढतो. पाषाण त्याहून पुष्कळ कमी. पत्र्याच्या कडा एकमेकांवर सैल सोडल्या नाहीत, तर खिळे ढिले होऊन सांध्यांतून पाणी आत शिरते.

तिसरा प्रकार कलशाचा, आणि वऱ्हाडातील तांब्याचे खरे स्थान तेथेच शोधावे. शिल्पशास्त्राने कलशासाठी पाषाणाबरोबर धातूही मान्य केला आहे. तांबट पत्रा ठोकून कलशाचे पोकळ भाग वेगवेगळे घडवितो. ते एका दांड्यावर क्रमाने ओवून दांड्याचा बुडखा माथ्यात पक्का करतात. ऐपतीप्रमाणे वर मुलामा. म्हणूनच 'कळस चढविणे' हा शब्दप्रयोग कार्याच्या पूर्ततेसाठी आपल्या भाषेत रुळला. या भागी धातू शिखरास झाकत नाही, त्याची समाप्ती करतो.

या भेदाचे महत्त्व केवळ वर्गीकरणापुरते नाही. उद्या एखाद्या गावाने श्रद्धेने जुन्या शिखरावर पत्रा मढविण्याचे ठरविले, तर दगडांचे सांधे, जीर्णोद्धाराचे थर, विटांचे माप व चुन्याचे लेप हे सारे पुरावे त्याखाली दृष्टिआड होतील. पुढील अभ्यासक मग त्या नव्या धातूलाच प्राचीन परंपरा समजण्याची चूक करील. यास्तव अभ्यासकाने प्रथम माथ्यापर्यंत मोजमाप घ्यावे, छायाचित्रे काढावी, जुना कलश उतरविला असल्यास त्यावरील अक्षरे वाचावी आणि हे टिपण गावाच्या स्वाधीन करावे. गावाची श्रद्धा व अभ्यासकाची जिज्ञासा यांत विरोध असण्याचे कारण नाही. मात्र क्रम चुकता कामा नये: आधी नोंद, मग आच्छादन.